समोरचे वकील दवाखान्यात, पक्षकार म्हणतो ‘विनाकैफियत करून टाका’

नवी_सनद
सोलापूर दिवाणी न्यायालयात सूत उधारीच्या वसुलीचा दावा आहे, रक्कम २,४०,००० रुपये. आम्ही वादीतर्फे. प्रतिवादी यंत्रमागधारक. समन्स बजावलंय, वकीलपत्र आलंय, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) नाही. तिचे ९० दिवस मागच्या आठवड्यात संपले. समोरच्या वकीलसाहेबांची बायपास झालीय, बाररूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. पक्षकाराला पुढच्या तारखेला विनाकैफियतचा, म्हणजे त्या उत्तराशिवाय दावा पुढे चालवण्याचा, आदेश हवाय. ‘तुम्ही माझे वकील की त्याचे?’ असं विचारतो. अर्ज द्यावा की थांबावं?

बाळीवेसकर
तीन लाखांच्या आतला दावा, म्हणजे व्यापारी दाव्याची मुदत लागू नाही. साध्या दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ मधले ३० आणि ९० दिवस दगडावरची रेघ नाहीत. कैलाश वि. नन्हकू (२००५) नंतर सबळ कारणासाठी उशिराची कैफियतही घेतली जाते, आणि बायपासपेक्षा सबळ कारण कुठलं आणणार? तुम्ही आदेश घ्याल, ते डिस्चार्ज कार्ड लावून रद्दचा अर्ज देतील, तुमचं म्हणणं, युक्तिवाद, मग कॉस्ट भरून कैफियत दाखल. तीन-चार तारखा त्यातच गेल्या. अर्ज नामंजूर झाला तर ते हायकोर्टात रिटमध्ये जाणार. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, त्यासाठी आता रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबई गाठावी लागत नाही. शिवाय कैफियत नसली तरी वकील हजर असलेल्या प्रतिवादीला तुमच्या साक्षीदाराची उलटतपासणी करता येते.

आजच त्यांच्या ज्युनिअरला फोन करा. दवाखान्याचा कागद जोडून मुदत अर्ज द्यायला सांगा. त्यावर तुमचं म्हणणं लिहा: ‘एका तारखेपुरती हरकत नाही. कैफियत व कागदांची प्रत तारखेच्या दोन दिवस आधी मिळावी.’ ‘शेवटची संधी’ हे शब्द रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत) येतील हे बघा. नुसतं तोंडी ‘चालेल’ म्हटलं की पुढच्या वेळी तेच गुऱ्हाळ. आणि दुसऱ्यांदा आजारपण पुढे आलं तर आदेश १७ नियम १ चं परंतुक दाखवा. वकिलाच्या आजारपणावर तारीख मिळते, पण वेळेत दुसरा वकील देणं शक्य नव्हतं, याची कोर्टाची खात्री पटावी लागते.

निशाणी_५
बाळीवेसकर सर, सल्ला बरोबर, कारण अर्धवट. आदेश टिकणार नाही म्हणून सभ्य वागायचं, तर टिकणारा असला की काय करायचं? हाच दावा साडेतीन लाखांचा आणि व्यापारी असता तर समन्स बजावल्यापासून १२० दिवसांनी कैफियतीचा हक्कच संपतो. मग न्यायाधीशांनाही मुदत देता येत नाही, तुमची संमती कागदावरच राहते. अशा दाव्यात माणुसकी दाखवायची तर मुदत शिल्लक असताना ज्युनिअरला फोन करायचा. १२१व्या दिवशी हळहळून उपयोग नाही.

आता पक्षकार. कैफियत वेळेत आली नाही म्हणून मिळणारा आदेश मागणं हा त्याचा हक्क आहे. तो परस्पर सोडून देणं तुमच्या हातात नाही. त्याला वरचा सगळा हिशेब सांगा, तेवढ्या काळाचं व्याज दाव्यात मागितलंच आहे हे दाखवा, आणि बोलणं झाल्यावर व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवून ठेवा. तरीही अडून बसला तर अर्ज द्या, पण समोरचे वकील शस्त्रक्रियेमुळे गैरहजर आहेत हे त्यातच लिहा. न्यायाधीशांनी विचारलं आणि तुम्ही ‘कल्पना नाही’ म्हणालात, तर ते कोर्टाशी खोटं बोलणं झालं. ‘ते लिहू नका’ असा पक्षकाराचा हट्ट असेल तर रीतसर नोटीस देऊन वकीलपत्र सोडा.

साक्षीपुरावा
पुराव्याच्या टप्प्यावरचं आत्ताच सांगते. पूर्व भागातल्या कारखान्यातला साक्षीदार घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कानडी. सरतपासाचं शपथपत्र (आपल्याच साक्षीदाराची लेखी साक्ष) मात्र वकिली मराठीत टाइप होतं. उलटतपासात ‘माल मिळाला नाही हे म्हणणं खरं नाही, असं नाही ना?’ असा दुहेरी नकार टाकला की तो मान डोलावतो, आणि ‘हे खरे आहे’ असं नोंदलं जातं. फसवून घेतलेली अशी कबुली बाकीच्या कागदांशी जुळत नाही, अपिलात तिला फारसं वजन राहत नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. भाषा अडली तर दुभाषी मागा, साक्षीदार समोरचा असला तरी. आपल्या साक्षीदाराला सहीआधी शपथपत्र त्याच्या भाषेत समजावून सांगा, नाहीतर ‘यात काय लिहिलंय?’ या पहिल्याच प्रश्नाला तो गप्प.

नवी_सनद
आभार. ज्युनिअरशी बोलणं झालं, मुदत अर्ज देतायत. आता पक्षकार म्हणतो, वकील आजारी आहेत तोवर मीच प्रतिवादीला फोन करून पैशाचं बोलावं.

निशाणी_५
तुम्ही नाही ओ. बार कौन्सिलच्या नियम ३४ प्रमाणे ज्याला वकील आहे त्याच्याशी दाव्याबद्दलची बोलणी त्याच्या वकिलामार्फतच. पक्षकार आपापसात बोलू शकतात. जमलं तर समोरच्या वकिलांना मसुदा दाखवून आदेश २३ नियम ३ ची तडजोड पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्या, दोघा पक्षकारांच्या सह्यांनी. हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे स्पष्ट लिहा. लोकअदालतीत ठेवलंत तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नाही.