डायनोसॉर ज्युनियर राहिलेच की!

फुटून पुन्हा एकत्र आलेल्या बँडवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, 'परत आलेले बँड नवा अल्बम काढतात ते फक्त टूरची तिकिटं खपवायला'. हे मत पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडपुरतं मला मान्य आहे. त्यांची बेस गिटारवादक किम डील २०१३ मध्ये बाहेर पडली, पुढच्या वर्षी 'इंडी सिंडी' हा अल्बम आला आणि तिची उणीव जागोजागी जाणवली. पण म्हणून सगळेच एका माळेचे मणी नाहीत.

डायनोसॉर ज्युनियर या अमेरिकन रॉक त्रिकुटाचं नाव इथे कुणीच कसं काढलं नाही? त्यांचा बेस गिटारवादक लू बार्लो, त्याला १९८९ मध्ये बँडमधून हाकललं होतं, बोलणंसुद्धा बंद. मूळचे तिघं २००५ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि 'बियाँड' (२००७) ते 'स्वीप इट इनटू स्पेस' (२०२१) असे पाच अल्बम काढून बसले. पहिल्या डावात तिघांचे मिळून जेमतेम तीन! 'बियाँड' लावून बघा, पहिलंच गाणं थेट गिटार सोलोने अंगावर येतं. २००९ च्या 'फार्म'ची तर गंमतच. युरोपातल्या पहिल्या सीडी चुकून तीन डेसिबल जास्त आवाजात निघाल्या, कंपनीला परत मागवाव्या लागल्या. एरवीही कान फाडणाऱ्या या बँडच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात तरी कसं आलं, देव जाणे.