मदत हवी आहे: बाळाच्या ऐकण्याची ओएई तपासणी ‘पास’ असताना बेरा तपासणी करावी का?

मृद्गंध: आमच्या बाळाची रुग्णालयात ओएई तपासणी झाली होती आणि अहवालात दोन्ही कानांपुढे ‘पास’ असा शेरा आहे. आता बालरोगतज्ज्ञ बेरा ही ऐकण्याचीच दुसरी तपासणी करायला सांगत आहेत आणि त्यासाठी झोपेचे औषध द्यावे लागेल असे कळले. पास झालेली तपासणी वेगळ्या नावाने पुन्हा कशासाठी? सोमवारची वेळ रद्द करावी का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

दिठी: बाळाचे वय किती? जन्म पूर्ण दिवसांचा आहे का? कावीळ कितपत होती? हे कळल्याशिवाय सल्ला देणे योग्य होणार नाही.

वाटसरू: रद्द करावी. आमच्या आई नातीच्या पाठीमागे ताट वाजवून पाहत. ती दचकायची आणि आज उत्तम ऐकते.

दिठी: ताटाचा आवाज फार मोठा असतो, वाटसरू. ऐकण्याचा सौम्य ऱ्हास असलेले किंवा एकाच कानाने ऐकणारे मूलही त्याने दचकते.

मृद्गंध: बाळ अडीच महिन्यांचे आहे. अपुऱ्या दिवसांचे असल्याने तीन आठवडे एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) होते आणि कावीळ वाढल्यामुळे रक्त बदलावे लागले. पण याचा कानाशी काय संबंध?

श्रुतिपट: मी श्रवणतज्ज्ञ आहे. संबंध थेट आहे. कानात सोडलेल्या आवाजाला अंतर्कर्णातून उलट येणारा क्षीण ध्वनी डेव्हिड केम्प यांनी 1978 साली नोंदवला आणि ओएई त्यावरच आधारलेली आहे. अंतर्कर्णातील बाह्य केशपेशी (सूक्ष्म संवेदी पेशी) निरोगी असल्या की हा ध्वनी मिळतो व यंत्र ‘पास’ दाखवते. तिथून पुढे नस मेंदूपर्यंत संदेश नेते की नाही, हे ते तपासतच नाही; ते बेरा तपासते. कावीळ फार वाढली तर बिलिरुबिन (काविळीतील पिवळे द्रव्य) नेमकी श्रवणनस आणि मेंदूच्या खोडातील केंद्रे यांना इजा करू शकते. अशा बाळांत ओएई चांगली आणि बेरा सदोष येऊ शकते. या स्थितीला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. म्हणूनच एनआयसीयूत पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळांची प्राथमिक चाळणीही बेराच्या तत्त्वावर करावी, असा संकेत आहे.



वाटसरू: पहिल्या तपासणीत ‘रेफर’ (म्हणजे पास नाही, पुढे तपासा) आलेल्या कित्येक बाळांत पुढे काहीच निघत नाही आणि पालक मात्र विनाकारण घाबरतात, हेही सांगा.

श्रुतिपट: ते खरे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीतील चिकट थर किंवा मध्यकर्णातील द्रव यांमुळे ‘रेफर’ येते. येथे मात्र प्रश्न उलटा आहे: ‘पास’वर विसंबण्याचा. पहिल्या महिन्यापर्यंत चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हे उद्दिष्ट असते, तेव्हा सोमवार पुढे ढकलू नये.

मृद्गंध: आणि झोपेचे औषध?

श्रुतिपट: या वयात ते बहुधा लागत नाही. बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तिथे पोहोचल्यावर पाजून झोपवा आणि तसे आधीच कळवून ठेवा. त्या दिवशी टाळू भरू नका. कपाळावर व कानामागे तेल राहिले तर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. एनआयसीयूचे डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा.

दिठी: मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेतही ही तपासणी होते.

मृद्गंध: आम्ही साताऱ्याला आहोत. सोमवारची वेळ कायम ठेवली आहे.