'कोडनेम : किड्स नेक्स्ट डोअर'वर बालनाट्य : बंदूक, मोहिमांची नावं आणि 'फादर'

विश्रामबागकर
सांगलीत गॅदरिंगसाठी 'किड्स नेक्स्ट डोअर' या कार्टूनवर (मुलांची गुप्त संघटना मोठ्यांच्या जुलमाशी लढते, ती मालिका) २० मिनिटांचं बालनाट्य बसतंय. मुलं १२, वय १० ते १२. पाच एजंट, त्यांच्याविरुद्ध मोठ्यांच्या बाजूची ती पाच 'गोड' मुलं, एक बळजबरीने खायला घालणारी आजी आणि मुख्य खलनायक 'फादर'. मालिकेतली मोहरीच्या सॉसची बंदूक स्टेजवर खरंच काहीतरी उडवेल, पण कुणाला लागणार नाही, अशी कशी करायची? प्रत्येक भागाच्या नावातल्या अक्षरांची फोड असते (एकेका अक्षरापासून एकेक शब्द), ती मराठीत कशी साधायची? आणि फादर म्हणजे नुसती काळी आकृती. ती कशी दाखवायची? बजेट दीड हजार.

कृष्णाकाठ
टॉम वॉरबर्टनच्या या मालिकेत (कार्टून नेटवर्क, २००२ ते २००८) सगळी शस्त्रं 'टू बाय फोर टेक्नॉलॉजी'ची असतात. म्हणजे लाकडी फळ्या आणि घरातलं भंगार. दुकानातली चकचकीत बंदूक रंगवून आणलीत तर ती तिथली वाटणार नाही. जोड दिसू द्या, खिळ्यांची डोकी रंगवून का होईना, पण दिसू द्या.

खरी फळी मात्र नको, पोरांचे हात भरून येतात. तीनपदरी पुठ्ठा ३२ × ४५ सेंमी कापा. रुंदीवर ५, १०, ५, १० सेंमीच्या घड्या, उरलेली २ सेंमीची पट्टी चिकटवायला. घडीच्या रेषेवर आधी संपलेलं बॉलपेन दाबून ओढा. पुठ्ठ्यातल्या नळ्या लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या आल्या तर 'फळी' मधोमध मोडते. रंग गेरू आणि पिवडीचा, पण फेविकॉल मिसळून, नाहीतर सगळ्यांचे कपडे लाल. आणि चौकोनी नळी चिकटून वाळल्यावरच रंगवा. सपाट पुठ्ठ्यावर ओला रंग दिला की तो पापडासारखा वळतो.

उडवायला ४० मिमी पीव्हीसी पाइपचा १२ सेंमी तुकडा. प्लंबरकडे असले तुकडे पडलेलेच असतात. दोन्ही कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत करा. फुगा न फुगवता तोंडाला गाठ मारा, गाठीच्या विरुद्ध टोकाचा तिसरा हिस्सा कापून टाका आणि उरलेला पाइपच्या मागच्या टोकावर ३ सेंमी चढवा. त्यावर दोन रबरबँड, वर इन्सुलेशन टेप. पुढून लोकरीचे दोन-अडीच सेंमीचे पाच-सहा गोंडे टाका, गाठ मागे ओढून सोडा. दोन-तीन मीटर सहज जातात.

फुगा निसटला तर समजा रबरबँड न लावता नुसती टेप मारलीय. फाटला तर कड घासलेली नाही. तालमीचा फुगा प्रयोगाला वापरू नका, रबर ढिलं पडलेलं असतं. कागदाचे कपटे भरू नका, हलके असल्याने नळीच्या तोंडाशीच विखुरतात. वाटाणे, गोट्या असलं काही तर अजिबात नको. नेम कायम छातीच्या खाली, हे तालमीतच अंगवळणी पाडा.

विश्रामबागकर
हे जमेल. पण मोहरीचा सॉस इथे कुणाला कळणार? हळदीचं पाणी पिचकारीत भरावं का?

कृष्णाकाठ
सांगलीत बसून हळदीचा मोह होणारच, पण नको. डाग पडतो, आणि साबण लागला की तो लाल होतो. पालक तुमच्याच मागे लागतील. शिवाय स्टेज निसरडं. पिवळे गोंडेच ठेवा आणि त्याला पिठलं म्हणा. मालिकेत शस्त्राच्या नावाचीही फोड असते, त्या चालीवर : पि.ठ.लं., 'पिवळ्या ठसक्याने लंबा करा'.

माहुलीकर
नावांबद्दल. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं मिळतं, आपल्याकडे बाराखडीतलं अक्षर मात्रेसकट येतं. म्हणून आधी शब्द निवडा, मग फोड. मराठी शब्द ण किंवा ळ ने सुरू होत नाही, त्यामुळे शाळा, खेळ, गणित, आंघोळ हे मोहाचे शब्द आधीच बाद. जोडाक्षरं बहुतेक वेळा अडवतात (दप्तर करून बघा), पण कधी तीच हात देतात. हे घ्या :
मोहीम दू.ध. : दूर धरा.
मोहीम का.ढा. : कारल्याविरुद्ध ढाल.
मोहीम अ.भ्या.स. : अखेर भ्यायचं सरलं.
नाव आधी एकाने ठणकावून सांगायचं, फोड दुसऱ्याने. दोन्ही एकाच्या तोंडी दिली की हशा विरतो.

आणि मालिकेत एजंट 'नंबर' म्हणत नाहीत, 'नंबुह' म्हणतात, पोरांच्या बोलीत. आपल्या गावांकडे 'लंबर' आहेच की! लंबर एक, लंबर दोन. याहून चांगलं भाषांतर शोधत बसू नका.

कथा सुचत नसेल तर तेराव्या वाढदिवसाचा नियम धरा. १३ पूर्ण झाले की एजंटची आठवण पुसून त्याला संघटनेतून काढतात. २० मिनिटांना तेवढा एक पेच पुरे.

पडद्यामागे
फादर सावलीतच करा. कापडपेठेतून मांजरपाट घ्या, २ मीटर रुंद, अडीच मीटर उंच, खालच्या शिवणीत काठी घालून ताणून बसवा. सुरकुती पडली की सावली तुटते. मागे ३ मीटरवर जमिनीलगत एकच एलईडी बल्ब, उघडा. ट्यूबलाइट लांबट असल्याने सावलीची कड फुसफुशीत येते. मुलगा दिव्यापासून २ मीटरवर असेल तर सावली दीडपट, दीड मीटरवर आला तर दुप्पट. १४० सेंमीचं पोर दुप्पट केलं की डोकं पडद्याबाहेर जातं, तेव्हा दीडपटीवरच थांबा. फादरच्या तोंडातला तंबाखूचा पाइप पुठ्ठ्याचा, नेहमीपेक्षा मोठा कापा, आणि चेहरा बाजूने ठेवा. समोरून धरलेला पाइप सावलीत दिसतच नाही. त्या वेळी पुढचे दिवे बंद. एक जरी चालू राहिला तरी सावली करडी पडते.

त्या पाच गोड मुलांना एकसुरात बोलायचंय. पाच-सहा शब्दांच्या पुढे वाक्य नेऊ नका आणि मधल्या मुलाच्या श्वासावर बाकीच्यांना सुरू करायला शिकवा.