विषय: फॅफ्सा अडकलाय, आईच्या खात्याची पडताळणी होईना

नमस्कार मंडळी,
लेकीचा फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी मदतीचा फॉर्म, आठ दिवस अडकलाय. ती इथली, अमेरिकेची नागरिक, मी एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच-फोरवर (त्यावरच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा). बायकोला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यामुळे तिचं खातं पुढेच सरकत नाही. कॉलेजची मुदत १ डिसेंबर. कुणी यातून गेलंय का?

प्रेषक: शिक्षण समिती
दादा, २०२४चं टॅक्स रिटर्न दोघांनी एकत्र भरलंय ना? मग २०२६-२७च्या फॉर्मला एकाच पालकाचं खातं पुरतं. वहिनींचं फॉर्ममधून काढून टाका, तुमचं ठेवा आणि तुम्ही सही करा. आणि सोशल कार्डावर नाव कसं छापलंय ते बघा. आमच्या यांच्या कार्डावर वडिलांचं नाव पहिल्या नावालाच चिकटलंय. आम्ही ते मधल्या रकान्यात टाकत होतो, म्हणून जुळत नव्हतं. हे सगळं गेल्या वर्षी लायब्ररीतल्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखवलं होतं. असे प्रश्न आधी समितीकडे पाठवत जा.

प्रेषक: माजी अध्यक्ष
ताई, त्या बैठकीत पुण्याच्या फ्लॅटचं राहून गेलं. धाकट्याच्या वेळी सगळे मला म्हणाले, भारतातलं कोण बघतंय! मी दाखवला, कर्ज वजा करून. राहतं घर आणि ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) फॅफ्सात धरत नाहीत, पण भाड्याने दिलेला फ्लॅट ही गुंतवणूकच. खाली सही आपली असते.

> फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असेल तर, काका?

ज्याच्या नावावर, त्याचा. पण आधी खरेदीखत काढून बघ. आमच्या एका फ्लॅटवर माझं दुसरं नाव होतं, आणि मलाच पत्ता नव्हता.

प्रेषक: एक पालक
आमचा मुलगा एच-फोरवर, दीड वर्षाचा असताना आणलेला. त्याला पेल ग्रँट (सरकारी अनुदान) नाही, सरकारी कर्ज नाही, फॅफ्साच नाही. मग आपल्या मराठी मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘एसएआय आकडा’ (फॅफ्सातून निघणारा, घरची ऐपत सांगणारा) सक्तीचा कसा? तो आम्ही आणायचा कुठून? पोरगं बालवाडीपासून आपल्याच शाळेत मराठी शिकलंय.

प्रेषक: खजिनदार
वहिनी, तो रकाना मीच घातला होता, गरज मोजायला म्हणून. एच-फोरच्या मुलांचा विचार केला नाही, चुकलं. तिथे २०२४च्या रिटर्नची प्रत जोडा, अर्ज घेतला जाईल. रविवारी कार्यकारिणीत रकाना काढायचा ठराव मांडतो. शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र माझ्याकडेच पाठवा, शिक्षण समितीकडे नको.

प्रेषक: शिक्षण समिती
निवड कोण करतं मग?

प्रेषक: पहिला मेलवाला
ताई, बायकोचं खातं फॉर्ममधून काढून टाकलं, फॉर्म पुढे गेला! सहीआधी एकच: फ्लॅटच्या कर्जाला डॉलरचा भाव कुठल्या दिवसाचा धरायचा?

प्रेषक: माजी अध्यक्ष
फॉर्मवर सही करशील त्या दिवसाचा. भावाच्या पानाची प्रिंट काढून ठेव.