अनुभव धागा : गवत कापायचं मशीन चालू होईना, तेव्हा दोष कुठे सापडला?

साताऱ्यात पाऊस धरला की आठ दिवसांत गवत घोट्याला लागतं आणि पंधरवड्यात गुडघ्यापर्यंत येतं. नेमकं तेव्हाच सात-आठ महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेलं मशीन बाहेर निघतं आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी दाद देत नाही. लॉनमोवर असो, ब्रश कटर असो की पॉवर वीडर, इंजिन छोटं आणि दुखणी बरीचशी सारखीच. आपापले अनुभव एका जागी आले तर पुढच्या जूनमध्ये कुणाचे तरी दोन दिवस वाचतील, म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

शाहूपुरीत घरापुढे छोटी हिरवळ आहे. चार चाकांचं पेट्रोलवरचं मशीन गेल्या दिवाळीच्या आसपास मीच नीट बंद करून ठेवलं होतं, टाकीत पेट्रोल तसंच. जूनमध्ये पंचवीस-तीस वेळा दोरी ओढली. प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत. इतकं ओढूनही प्लग ओला होत नाही, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मग कार्बोरेटरच्या तळाची वाटी सोडली. आत चमचाभर पिवळसर चिकट द्रव, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आणि तळाशी पांढरट-हिरवा थर, नखाने खरवडला तर भुगा निघेल असा. जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं तो छोटा स्क्रू, काढून खिडकीकडे धरला. त्याचं भोक आरपार दिसायला हवं, तिथे उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घेऊन हलक्या हाताने भोक मोकळं केलं. सुई मुद्दाम वापरली नाही. जेट पितळेचा असतो, भोक जरा जरी मोठं झालं तर पेट्रोल कायमचं जास्त जायला लागतं. वाटी पुसली, ताजं पेट्रोल भरलं, आणि तिसऱ्या ओढीला मशीन चालू झालं.

पेट्रोल इतक्या लवकर का खराब होतं, याचं एक कारण आपल्या शेतातच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं बरंच उसापासून होतं. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, उसाला दोन पैसे त्यातून मिळतात. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी तळातूनच निघते. रोजच्या मोटारसायकलला याचा त्रास होत नाही, कारण तिची टाकी आठवड्यात रिकामी होते.

लिहिताना एक गोष्ट आवर्जून लिहा : मशीन शेवटचं कसं बंद झालं होतं? तुम्ही बंद केलंत, आचके देत बंद पडलं, की खटकन थांबलं? माझ्या मते अर्धं निदान तिथेच होतं.

तासगाव, द्राक्षबागायतदार

आमचं टू-स्ट्रोक ब्रश कटर. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेतलं आणि बांधावरचं गवत काढायची घाई असते. आदल्या संध्याकाळी आम्हीच बटण दाबून बंद केलं होतं, म्हणजे मशीन धडधाकट. सकाळी चोक लावून ओढलं. चौथ्या-पाचव्या ओढीला एकदा फुट्ट असा आवाज आला. चोक काढायची खूण तीच. पण चोक तसाच राहिला आणि आणखी वीस वेळा ओढलं गेलं. प्लग काढला तर टोकावरून पेट्रोल ठिबकत होतं. आमच्याकडे याला मशीन पेट्रोल प्यालं म्हणतात.

उपाय साधा आहे. चोक उघडा, प्लगचं भोक खाली येईल असं मशीन तिरकं धरा, एक्सलेटर पूर्ण दाबून दहा-बारा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हे करताना प्लगची टोपी भोकापासून लांब, धातूला न टेकता ठेवा आणि जवळ कुणाला विडी ओढू देऊ नका. एका ठिणगीत भडका उडेल. प्लग पुसून उन्हात ठेवला, पंधरा मिनिटांनी चोक न लावता ओढलं, चालू.

पण त्याच प्लगवर काळा, तेलकट थर होता, त्यामुळे दुसरा दोष कळला. पुस्तिकेत ५०:१ लिहिलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल. आमच्याकडे बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतायचे, जास्त घातलं तर इंजिनाला बरं असं समजून. द्राक्षांवर फवारायचं जीए हे संजीवक आम्ही ग्रॅमवर मोजतो, मग ऑइलही मोजलंच पाहिजे. बिनसुईची सिरिंज आता कॅनच्या मुठीलाच बांधून ठेवली आहे. कमी घालणंही वाईटच, त्याने पिस्टन धरतो.

कराड, शाळेच्या मैदानाची देखभाल

आमचं मशीन खटकन थांबलं होतं. कडेच्या गवतात अर्धी वीट होती, पातं तिच्यावर बसलं. त्यानंतर दोरी ओढली की हाताला हिसका देऊन परत आत जायची, मध्येच सायलेन्सरमधून फटाका वाजायचा. प्लगला करंट चांगला निळा, पेट्रोल ताजं, तरी चालू होईना. दोन दिवस मी कार्बोरेटर खोलत बसलो, ते वाया गेले.

मिस्त्रीने वीट लागल्याचं ऐकलं आणि कार्बोरेटरला हातही लावला नाही. पुलर लावून फ्लायव्हील काढलं. फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) आणि ते ज्यावर बसतं तो क्रँक, म्हणजे फिरणारा दांडा, यांच्या खाचेत बोटाच्या पेराएवढी एक चावी असते. आमची मधोमध चिरली होती, दोन अर्धुकं एकमेकांवरून सरकलेली. ती मऊ धातूची असते, असा दणका बसला की तीच आधी जाते. फ्लायव्हील जरासं फिरून बसलं की त्यातला चुंबक ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलपुढून भलत्या वेळी जातो, मग ठिणगी पडते पण नको तेव्हा. नवी चावी घातली, मशीन पहिल्या दोन ओढींत चालू. क्रँक वाकलाय का तेही मिस्त्रीने फिरवून पाहिलं. आता कापायच्या आधी मी सगळं मैदान एकदा पायाखाली घालतो. मुलांच्या पायात काय येईल तेही त्यात सापडतं.

वाई

थोडक्यात लिहिते. आमच्या मशीनच्या दांड्याला एक आडवी लिव्हर आहे, ती दाबून धरली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद. त्या लिव्हरची केबल सैल झाली होती. मी दाबून धरत होते, पण केबलच्या खालच्या टोकाची पट्टी पूर्ण सरकत नव्हती, त्यामुळे कॉइलची वायर इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थलाच टेकलेली आणि प्लगला करंट शून्य. ‘कॉइल गेली’ असं सांगून एकाने नवी कॉइल घ्यायला लावली होती. केबलचा नट चार आटे फिरवल्यावर जुन्याच कॉइलवर चालू झालं. करंट नसेल तर कॉइल विकत घेण्याआधी ही केबल आणि बंद करायच्या बटणाची वायर बघाच.

सांगली

आमचं मशीन आम्ही बंद केलं नव्हतं आणि ते आपणहून बंदही पडलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा ते शेडमध्येच राहिलं आणि पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर त्याच्यावर गाळाचा थर बसलेला, सुकून तडे गेलेला.

शेजारच्यांनी त्यांच्या मशीनची दोरी लगेच ओढली. सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. जोर लावल्यावर दोरीचं चाक तुटलं. ते पाहून मी हात आवरला. आधी प्लग काढला, मग दोरी हळूहळू ओढली. भोकातून तांबूस पाण्याची पिचकारी निघाली. ऑइलचा बोल्ट सोडला तर खाली ऑइल नव्हतंच, दुधाच्या चहासारखा द्रव आला. टाकी ओतून दिली, कागदी एअर फिल्टर टाकून दिला. दोरीची स्प्रिंग, फ्लायव्हीलच्या पाकळ्या, कार्बोरेटर, सगळीकडे पिठासारखा बारीक गाळ. स्वच्छ पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलं.

प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून एक दिवस ठेवलं. मग नवं ऑइल, नवा प्लग. चालू झाल्यावर पाच मिनिटांत बंद करून ऑइल बदललं, ते परत दुधाळ. असं तीन वेळा केलं, तेव्हा कुठे ऑइल मधाच्या रंगाचं राहिलं. घरातलं कपाट, गाद्या, पुस्तकं काहीच वाचलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात मशीनचा आवाज झाला तेव्हा आई बाहेर येऊन ते बंद होईपर्यंत उभी होती.

मेढा

उतारावरची जागा. मशीन कापता कापता थांबलं आणि परत चालू होईना, करंटच गायब. आमच्या इंजिनात ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर आहे. ऑइल थोडं कमी होतं आणि मशीन तिरकं उभं होतं, म्हणून सेन्सरला ते फारच कमी वाटलं. सपाटीवर आणून खुणेपर्यंत ऑइल भरलं, झालं.

मिरज, छोटी इंजिनं दुरुस्त करणारा

गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की मी आधी टाकीचं झाकण उघडून वास घेतो. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झिणझिणतो, जुन्याचा आंबूस येतो. मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडाय का बघतो. हसू नका, बंद कॉकवर माझ्याकडं लांबून मशीनं आलीत. मग प्लग. आमच्याकडं येणाऱ्या फोर-स्ट्रोकला प्लगच्या टोकातला गॅप बहुतेक ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतो.

प्लग ओला नसंल आणि करंट असंल तर एक चाचणी करा. प्लगच्या भोकात अर्धा चमचा, जास्त नको, ताजं पेट्रोल सोडा, सांडलेलं पुसा, प्लग लावा, ओढा. दोन सेकंद भुर्रकन चालून मेलं, तर दोष पेट्रोलच्या बाजूला : जेट, नळी, फिल्टर. काहीच बोललं नाही, तर करंट नाहीतर कॉम्प्रेशन, म्हंजी सिलिंडरमधला हवेचा दाब, बघायचं. कॉम्प्रेशन बघायला प्लग काढून भोकावर अंगठा दाबा, दोरी ओढा. अंगठा फेकला गेला पाहिजे. नाही गेला तर बरेचदा व्हॉल्व्ह अडकलेला असतो, लई दिवस उभ्या मशीनला होतं असं.

मशीन आडवं करायचं असंल तर कार्बोरेटर वरच्या बाजूला ठेवा. उलटं पाडलं की ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं आणि फिल्टर ओला झाला की इंजिनला श्वास मिळत नाही. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. हे मी प्रत्येकाला सांगतो, ओळखीचा असो नसो. गरम इंजिन पात्याच्या नुसत्या धक्क्यानं फिरल्यालं मी पाहिलंय.

आणि दिवाळीला मशीन ठेवताना कॉक बंद करून ते आपोआप मरेपर्यंत चालू ठेवा. वाटी कोरडी झाली की जेट चोंदायला आत काही राहत नाही.

कोरेगाव

वरचं सगळं वाचून काल प्रयत्न केला. माझं मशीन चालू व्हायचं, दहा मिनिटं चालायचं, आचके देत बंद पडायचं आणि मग अर्धा तास चालू व्हायचं नाही. जेट साफ, प्लग नवा, फिल्टर झटकलेला. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. झाकण उलटं करून पाहिलं तर कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर बांधलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं, वाळून टणक झालेलं. काडीने माती काढली, फुंकर मारून भोक मोकळं केलं. आज सकाळी सगळी हिरवळ आणि कुंपणाची कड एका दमात कापून झाली. सायलेन्सरमध्येही तिचं घर असेल का, ते मशीन थंड झाल्यावर बघतो आणि इथेच लिहितो.