‘सहसंबंध म्हणजे कारण नव्हे’ एवढं लिहून थांबू नका

रानवारा: कुठल्याही अभ्यासाचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकून मोकळं होतं: दोन गोष्टी सोबत दिसल्या (सहसंबंध) म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही. मला ते पटत नाही. १९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुषांची माहिती छापली. त्यांत धूम्रपान न करणारे फक्त २; इतर आजारांच्या तितक्याच रुग्णांत २७. तरी रोनाल्ड फिशरसारखा दिग्गज संख्याशास्त्रज्ञ म्हणत राहिला की सिगारेटची ओढ आणि कर्करोग, दोन्हींमागे एकच आनुवंशिक कारण असेल. शक्यता होती, कबूल. पण तोवर माणसं मरत होती.

गणितमास्तर: साफ असहमत. शंका घ्यायलाच हवी होती. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं वर्षानुवर्षं दिसत होतं आणि डॉक्टर त्या लिहून देत होते. मग अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाचणी झाली. खरी गोळी कुणाला आणि औषध नसलेली कुणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले होते, हृदयविकारही कमी झाला नव्हता. आपणहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळात सुखवस्तू, तब्येतीला जपणाऱ्या होत्या. घोळ बराचसा तिथेच होता.

रानवारा: चाचणी करता येते तिथे कराच. पण चिठ्ठी टाकून कुणाला वीस वर्षं सिगारेट ओढायला लावणार? दुसरा रस्ता होता. १९५९ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: ओढणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटकही ओढणाऱ्यांत निदान नऊपट आढळायला हवा. असा जनुक कुणीच दाखवला नाही. शिवाय सिगारेट सोडली की धोका घटतो. जनुक तर तेच राहतात ना?

कृष्णाकाठ: फिशर तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, तेही लिहा की.

गणितमास्तर: होते. पण तेवढ्याने युक्तिवाद चुकीचा ठरत नाही, कॉर्नफिल्डच्या हिशोबाने ठरतो. नऊपटीपुढे माझं काही म्हणणं नाही. पेपरात मात्र ‘अमुक खा, धोका २० टक्क्यांनी कमी’ असं येतं, तेव्हा एवढ्याशा फरकाला घरची सुबत्ता एकटी पुरते. तिथे मी तेच वाक्य लिहिणार.

रानवारा: लिहा. फक्त दोन्हींमागचा तो लपलेला तिसरा घटक कोणता आणि तो मोजायचा कसा, हेही त्याच प्रतिसादात लिहा.