माळावर नुसती दांडी आणि फुलं, पान एकही नाही, हे काय आहे?

माणदेशी:
दहिवडीच्या पुढं आमचं रान आहे, नुसता मुरूम आणि कुसळं. परवा संध्याकाळी मेंढरांमागनं येताना जमिनीतनं सरळ वर आलेली दांडी दिसली, गुडघ्याच्या वर उंच, बुडाला पान एकही नाही, आणि वर लांब देठांवर मान खाली घातलेली बारकी फुलं, मळकट पांढरी, पाकळ्या सहा, प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध हिरवट तपकिरी रेघ. सकाळी गेलो तर कालची फुलं सुकलेली. एप्रिल चालू आहे, पाण्याचा थेंब नाही, मग हे आलं कुठनं? फोटो अंधारात हललाय, सॉरी.

रानवाट:
दीपकाडी वाटतेय.

जतचा माळ:
नाही हो, दीपकाडी पावसाळ्यात येते आणि तिला पानं असतात, शिवाय तिच्या पाकळ्या बुडाला जुळून नळी होते. तुमच्या फोटोत सुट्ट्या दिसतायत. हा रानकांदा, काही जण कोळकांदा म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका, जुन्या पुस्तकात अर्जिनिया इंडिका सापडेल. खाली कांदा असतो, गेल्या पावसाळ्यात पानांनी कमावलेलं त्यात साठवलेलं असतं, त्यावरच उन्हाळ्यात फुलतो. पानं पाऊस पडल्यावर येतील, पट्ट्यासारखी. दरवर्षी तिथंच उगवतो. आता बोंडं धरतील, आत काळं चपटं हलकं बी, वाऱ्यानं उडून जातं. एक फूल दिवसभरसुद्धा टिकत नाही, म्हणून सकाळी तसं दिसलं तुम्हाला.

माणदेशी:
बरोबर, कांदाच आहे! काल एक उकरून आणला आणि धुऊन कट्ट्यावर ठेवला, आईनं भाजीच्या टोपलीत टाकला 😅 आत्ता बघतोय तर दिसतच नाही.

जतचा माळ:
आधी तो शोधा, मग पुढचं. विषारी आहे, त्यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. रसानं हातसुद्धा खाजतो. कुणी खाल्ला असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

माणदेशी:
सापडला. लसणाच्या खाली होता, एक पदर सोललेला. आई म्हणतेय वास कांद्याचा आला नाही म्हणून चिरायचं राहिलं. हात साबणानं धुवायला लावलेत तिला, आता उद्या परत त्याच खड्ड्यात पुरतो.